अठराव्या शतकातला बॅले: पाय पॅरिसचे, अभिनय बाहेरगावचा

प्रश्न असा आहे: अठराव्या शतकात युरोपात बॅले नेमका कसा घडला? जिथे तिथे फ्रेंच नृत्यरचनाकार झाँ-जॉर्ज नोव्हेर यांचा उल्लेख 'आधुनिक बॅलेचे जनक' असा होतो, तो कितपत खरा? आणि त्या काळच्या नर्तिका पंजाच्या टोकावर नाचायच्या का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. टोकावरचं नृत्य कलेचं अंग म्हणून मान्य झालं ते मारी ताल्योनी या नर्तिकेच्या 'ला सिल्फीद' या बॅलेपासून, म्हणजे पॅरिस, 1832. अठराव्या शतकातल्या बऱ्याच मोठ्या काळात नर्तिकेच्या पायात टाचेचा बूट होता आणि कंबरेखाली पानिए, म्हणजे घागरा दोन्ही बाजूंना फुगवून धरणारा सांगाडा. त्या वेषात काय करता येतं आणि काय नाही, यावरच या शतकाचा अर्धा इतिहास बेतलेला आहे.

मी बॅले शिकवते, आणि वर्गात बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या, नाचाचे धडे मुद्दाम घेते. आज ज्याला आपण बॅलेचं तंत्र म्हणतो त्याची मुळं तिथे हाताला लागतात. त्यामुळे हे उत्तर पुस्तकी कमी आणि पायांच्या बाजूने जास्त आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: पाय पॅरिसने घडवले, पण नाचणाऱ्याला चेहरा आणि गोष्ट मिळाली ती बहुतेक वेळा पॅरिसबाहेर. नोव्हेर या दुसऱ्या धाग्यातले सर्वांत बोलके गृहस्थ. पहिले मात्र नव्हेत.

सुरुवात आधीच्या शतकातून करावी लागते. चौदावा लुई स्वतः नाचायचा. 1653 मध्ये 'बॅले द ला न्वी'त तो उगवत्या सूर्याच्या वेषात आला, आणि सूर्य-राजा ही त्याची ओळख तिथून घट्ट झाली. 1661 मध्ये त्याने तेरा नृत्यगुरूंची अकादमी स्थापली. 1670 च्या सुमारास त्याने रंगमंचावर नाचणं सोडलं. राजा थांबला की दरबारीही थांबतात. नाच मग पगारी, शिकलेल्या नर्तकांकडे गेला आणि ऑपेराच्या, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाच्या, मंचावर स्थिरावला. 1681 मध्ये 'ल त्रिओंफ द लामूर'च्या वेळी पॅरिस ऑपेरा या राजाश्रयाच्या नाट्यसंस्थेच्या मंचावर पहिल्यांदा व्यावसायिक स्त्रिया नाचल्या. त्याआधी तिथल्या नाचांत स्त्रीपात्रं पुरुषच करत. 1713 मध्ये ऑपेराची स्वतःची नृत्यशाळा उभी राहिली. ती आजही चालू आहे.

आता पायांकडे येऊ. पिएर बोशाँ हे राजाचे नृत्यगुरू, पायांच्या पाच मूळ स्थितींची मांडणी त्यांच्या नावावर आहे. 1700 मध्ये राउल-ओझे फय्ये यांनी नृत्यलेखनाची एक पद्धत छापली. ती मुळात आपली असल्याची बोशाँ यांची तक्रार होती, म्हणून आज दोघांची नावं जोडून घेतात. या पद्धतीत लिहिलेले तीनशेहून जास्त नाच आज उपलब्ध आहेत. दीडशे वर्षांपूर्वीचा नाच कसा होता हे सांगताना अनेक परंपरांमध्ये चाचपडावं लागतं; इथे तीनशे वर्षांपूर्वीचा नाच कागदावरून उभा करता येतो, हे भाग्यच.

ते पान कसं दिसतं ते सांगते. वर सुरांची एक ओळ. खाली दालन वरून, छतावरून पाहावं तसं रिकामं. पानाचा वरचा काठ म्हणजे जिथे राजा किंवा मुख्य पाहुणा बसला आहे ती बाजू. दोन रेषा वळत, एकमेकींपासून दूर जात, पुन्हा जवळ येत सरकतात: एक पुरुषाची वाट, एक स्त्रीची. त्या वाटेवर आडव्या बारीक रेघा, प्रत्येक रेघ म्हणजे सुरावटीचा एक खंड. वाटेच्या डावी-उजवीकडे पावलांच्या खुणा, आणि त्या खुणेवर लहानशी चिन्हं: इथे गुडघा वाकव, इथे वर उठ, इथे उडी, इथे पाय हवेत. हात? हातांसाठी चिन्हं होती, पण बहुतेक पानांवर ती नाहीतच. चेहऱ्याचा तर विचारच नाही. या पद्धतीत पाऊल चुकवण्याची सोय नाही, पण नाचणारा दुःखी आहे की प्रेमात पडला आहे हे लिहायलाही जागा नाही.

विद्यार्थ्यांना मी मिनुएटचं पाऊल देते तेव्हा त्यांना आधी हसू येतं. तीन मात्रांचे दोन खंड, म्हणजे सहा मात्रा, आणि त्यात चारच पावलं. म्हणजे काही मात्रांवर पाऊलच पडत नाही, तिथे शरीर वर उठतं किंवा गुडघ्यातून खाली उतरतं. टाचेचा बूट घालून हे हळू करायला लागलं की घोटा थरथरतो, आणि मग हसू थांबतं. दालनात ही जोडी एकटीच नाचायची. बाकी सगळे बसून बघायचे. दोघं झेडच्या आकाराच्या वाटेने एकमेकांना ओलांडायचे, उजवा हात द्यायचे, मग डावा, मग दोन्ही. आजच्या वर्गातलं प्लिए, म्हणजे गुडघ्यातून वाकणं, आणि त्यानंतरचं उठणं याच पावलात आहे. पाय नितंबापासून बाहेर वळवून ठेवण्याची सवयही इथलीच, फक्त तेव्हाचा कोन आजच्यापेक्षा बराच कमी. शतक पुढे सरकलं तसा तो वाढत गेला.

ऑपेराच्या मंचावर मात्र या सुंदर पायांना काम काय होतं? काँप्राचं 'लोरोप गालाँत' (1697) किंवा रामोचं 'ले झाँद गालाँत' (1735) घ्या. हा ऑपेरा-बॅले. प्रत्येक अंकात कथानक थांबतं आणि नर्तकांचा ताफा येतो: खलाशी, मेंढपाळ, राक्षस, दूरदेशीचे लोक. नाच झाला की ताफा आत. नर्तकाच्या तोंडावर मुखवटा, पुरुषाच्या कंबरेला तोनले, म्हणजे ताठ केलेला आखूड घोळ. भरतनाट्यम किंवा कथक पाहणाऱ्याला हे एका वाक्यात कळेल: नृत्त, म्हणजे भावाविना निव्वळ नाच, कळसाला पोचलं होतं, अभिनयाला दार बंद होतं.

ते दार पहिल्यांदा ठोठावलं गेलं ते लंडनमध्ये. जॉन वीव्हर हा इंग्रज नृत्यगुरू. 1717 मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याने 'द लव्हज ऑफ मार्स अँड व्हीनस' सादर केलं. एक शब्दही न बोलता, न गाता, नुसत्या नृत्याने आणि हावभावांनी पूर्ण गोष्ट. व्हीनसच्या भूमिकेत हेस्टर सँटलो, आणि फसवला गेलेला नवरा व्हल्कन वीव्हर स्वतः. त्याने सोबत पुस्तिका छापली आणि मत्सर, राग, तिरस्कार या भावांसाठी कोणता हावभाव केला तेही लिहून ठेवलं. नोव्हेर तेव्हा जन्मालाही आले नव्हते. फ्रान्समध्येही 1714 मध्ये सो इथल्या वाड्यात प्रेव्हो आणि बालों या दोन नर्तकांनी कॉर्नेयच्या 'होरास' नाटकातला एक प्रवेश मूकपणे करून पाहुण्यांना रडवलं होतं. पण तो एका डचेसच्या घरचा खासगी सोहळा होता. ऑपेराने त्याची दखल घेतली नाही.

याच फ्रांस्वाझ प्रेव्होच्या दोन शिष्या, कामार्गो आणि साले. बॅलेच्या इतिहासातली ही जोडगोळी सगळेच सांगतात, आणि बहुतेक वेळा कामार्गो जास्त जागा खाते. तिची कामगिरी मोठी आहेच. ब्रसेल्सची ही मुलगी 1726 मध्ये पॅरिसच्या मंचावर आली आणि तोवर पुरुषांच्या मानल्या गेलेल्या उड्या मारू लागली. आंत्रशा, म्हणजे हवेत असताना पाय भराभर अदलाबदल करणं, ही तिची ओळख. पाय दिसले नाहीत तर उडीचा उपयोग काय, म्हणून तिने घागरा घोट्याच्या वर घेतला. त्याचा गवगवा झाला, आणि फॅशनही झाली.

मारी साले वेगळ्या मुशीतली. ती जत्रेतल्या रंगमंचांवर आणि लहानपणीच लंडनच्या नाट्यगृहांत नाचलेली होती. पॅरिसमध्ये ऑपेराकडे गाण्याची आणि नाचाची मक्तेदारी असल्याने जत्रेतल्या मंडळींवर नाना बंधनं यायची. मग ते मूकाभिनय, कसरती आणि विडंबनावर पोट भरायचे. सालेने तिथे जे पाहिलं ते ऑपेराच्या शाळेत कुणी शिकवत नव्हतं. जानेवारी 1734 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने 'पिग्मॅलियन' केलं. पानिए काढून टाकला. डोक्यावर एकही दागिना नाही, केस मोकळे. अंगावर ग्रीक पुतळ्यासारखी चुणीदार साधी मलमल. प्रसंग असा: मूर्तिकार आपल्याच मूर्तीपुढे उभा आहे, मूर्ती हळूहळू जिवंत होते, तो तिचा हात धरतो, चौथऱ्यावरून उतरवतो, आणि तिला नाचायला शिकवतो. आधी साधं पाऊल, मग थोडं अवघड, मग त्याहून अवघड. प्रत्येक पावलाला ती त्याच्याकडे बघून उत्तर देते. नृत्य दाखवायचं आणि गोष्टही पुढे न्यायची, दोन्ही एकाच हालचालीत. या शतकातल्या शंभर पानी ग्रंथांपेक्षा मला हा एक प्रसंग जास्त शिकवून जातो. लंडन वेडं झालं, पॅरिसच्या मासिकात बातमी छापून आली. पुढच्याच वर्षी त्याच लंडनने तिला हँडेलच्या 'अल्चिना'मध्ये पुरुषवेषात मदन साकारला म्हणून हुर्यो करून पाडलं, हेही सांगायला हवं.

आता व्हिएन्ना. तिथे नृत्यरचनाकार फ्रान्झ हिल्व्हर्डिंग शोकांतिका आणि रोजच्या जगण्यातले प्रसंग दोन्ही नाचात आणत होते. त्यांचा शिष्य गास्पारो आँजोलिनी. 17 ऑक्टोबर 1761 रोजी आँजोलिनींचं 'डॉन जुआन' व्हिएन्नात झालं, संगीत ग्लुकचं. संधी मिळाली तर याचं संगीत नक्की ऐका. द्वंद्वयुद्ध, मेजवानी, दारात येऊन उभा राहणारा दगडी पुतळा, स्मशान, आणि शेवटी नायकाला नरकात ओढून नेणाऱ्या सूडदेवता. शेवटचा तो भाग ग्लुकने 1774 मध्ये पॅरिसच्या 'ऑर्फे' या ऑपेरासाठी पुन्हा वापरला, इतका तो प्रभावी आहे. इथे संगीत नाचाला ठेका देऊन थांबत नाही, भीतीही तेच निर्माण करतं. गमतीचे नाच पाहायला आलेला प्रेक्षक त्या रात्री हादरला.

आणि नोव्हेर. जन्म पॅरिसचा, 29 एप्रिल 1727. आज हा दिवस जागतिक नृत्यदिन म्हणून पाळतात तो त्यांच्यामुळे. सुरुवातीचं गाजलेलं काम 'ले फेत शिनवाझ', 1754, तेही ऑपेरात झालं नाही, ऑपेरा-कोमिक या हलक्याफुलक्या संगीतनाटकांच्या नाट्यगृहात झालं. लंडनचा नामवंत नट आणि नाट्यगृहचालक डेव्हिड गॅरिकने हे चिनी उत्सवाचं बॅले नोव्हेंबर 1755 मध्ये लंडनला आणलं आणि वाईट वेळ साधली. फ्रान्सशी युद्ध तोंडावर होतं. फ्रेंच नर्तक आले म्हणून प्रेक्षकांनी दंगा केला. नोव्हेरचे वडील स्विस आहेत, घराणं प्रॉटेस्टंट आहे, असं गॅरिकने ओरडून सांगितलं तरी उपयोग झाला नाही. बाकं मोडली, गॅरिकच्या घराच्या काचा फुटल्या. पण गॅरिकचा अभिनय जवळून बघायला मिळाला, हा नोव्हेर यांचा खरा फायदा. एकाच चेहऱ्यावर इतके भाव कसे उमटतात हे त्यांनी तिथे पाहिलं.

1760 मध्ये ल्यों आणि श्टुटगार्टमध्ये त्यांची नृत्यावरची पत्रं पुस्तकरूपाने आली. मुखवटे फेका. तोनले आणि पानिए काढा. नृत्यरचनाकाराने शरीररचना, चित्रकला, इतिहास शिकावा आणि माणसं निरखावीत. प्रत्येक नाचाला कथेत कारण हवं. पावलांची लिपी पावलंच टिपते, भाव टिपत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका. यातलं जवळपास काहीच त्यांच्या आधी कुणी केलं नव्हतं असं नाही. पण नोव्हेर यांना लिहिता येत होतं, आणि पुस्तक सरहद्दी ओलांडतं. वीव्हरची पुस्तिका इंग्रजीत राहिली, सालेने तर काही लिहूनच ठेवलं नाही. युरोपभरच्या दरबारांना नाचाची नवी कल्पना मिळाली ती फ्रेंचमधल्या या पत्रांतून. त्यामुळे 'जनक' म्हणायचं असेल तर विचार पोचवणारे म्हणून खुशाल म्हणा.

कल्पना अमलात आणायला पैसा लागतो. तो त्यांना श्टुटगार्टला मिळाला. व्युर्टेम्बर्गचा ड्यूक कार्ल ऑयगेन सैन्य उभं करून फ्रान्सला पैशांच्या मोबदल्यात पुरवणारा, आणि ऑपेरा-बॅलेवर तो पैसा उधळणारा. त्याच्या वाढदिवशी, 11 फेब्रुवारी 1763 रोजी, नोव्हेर यांनी 'मेदे ए जाझों' सादर केलं. नवऱ्याने सोडलेली मेदेआ आपल्याच मुलांना मारते, ही ग्रीक शोकांतिका, आणि तीही मूक. जाझोंच्या भूमिकेत गाएतानो वेस्त्रिस, ज्याला पॅरिस 'नृत्याचा देव' म्हणायचं. देवाला खास श्टुटगार्टला यावं लागलं, कारण पॅरिसमध्ये असं काम त्याला कुणी देत नव्हतं. 1767 मध्ये ड्यूकने खर्च आवरला आणि नोव्हेर व्हिएन्नाला गेले. तिथे राजकन्या मारी आंत्वानेत त्यांची शिष्या झाली. तीच फ्रान्सची राणी झाल्यावर 1776 मध्ये त्यांना पॅरिस ऑपेराचं पद मिळालं. बढतीच्या रांगेत असलेल्या मंडळींना डावलून वशिल्याने आलेला माणूस! त्यांचं तिथे कधीच जमलं नाही, 1781 पर्यंत ते बाहेर पडले. त्या काळातलं 'ले पेती रियँ' (1778) आज आठवतं ते त्यातलं बरंच संगीत बावीस वर्षांच्या मोझार्टचं होतं म्हणून. तेव्हा त्याचं नाव कुठे छापलंही नव्हतं.

आँजोलिनी आणि नोव्हेर यांचं भांडण मात्र वाचनीय आहे. आँजोलिनींचा एक आक्षेप मला आजही पटतो: तुमचा बॅले कळायला प्रेक्षकाला लांबलचक छापील कथासार वाचावं लागत असेल तर नाचाने केलं काय? नोव्हेर यांचं उत्तर साधारण असं की मूकपणे सगळं सांगता येत नाही, माहिती दिल्याने बिघडतं कुठे. आजही नवा बॅले पाहायला गेलं की हातातला कागद आणि मंच यांच्यात नजर फिरते तेव्हा आँजोलिनी आठवतात. गंमत म्हणजे पहिलं कोण, हिल्व्हर्डिंग की नोव्हेर, यावरच त्या भांडणाची बरीच शाई खर्च झाली.

मुखवटा पॅरिसमध्ये गेला कसा, तर नोव्हेर यांच्या पुस्तकाने नव्हे. साधारण 1772 मध्ये रामोच्या 'कास्तोर ए पोल्युक्स'मध्ये वेस्त्रिसच्या जागी मॅक्सिमिलियाँ गार्देलला नाचायचं होतं. मुखवटा घातला तर लोक मला वेस्त्रिस समजतील, म्हणून तो उघड्या चेहऱ्याने आला. अहंकाराने केलेली ही सुधारणा टिकली, हळूहळू इतरांनीही मुखवटे उतरवले.

पॅरिसबद्दल मी वर बरंच टीकेच्या स्वरात बोलले, तर तिची बाजूही मांडते. तंत्र तिथेच वाढत होतं. नर्तकांच्या तीन जाती ठरल्या होत्या: भारदस्त, मधली आणि विनोदी; देहयष्टीवरून जात ठरायची आणि सहसा बदलायची नाही. गाएतानोचा मुलगा ओग्युस्त वेस्त्रिस याने तिन्हींची सरमिसळ केली. उंच उड्या, वेगवान गिरक्या, देहबोली भारदस्त आणि चपळाई विनोदी नटाची. जुन्या जाणकारांनी नाकं मुरडली. हाच ओग्युस्त पुढे म्हातारपणी पॅरिसमध्ये शिकवत होता आणि डेन्मार्कचा नृत्यरचनाकार ऑगस्ट बुर्नोनव्हिल त्याच्या हाताखाली तयार झाला. आज कोपनहेगनच्या नर्तकांची हलकी, लवचीक उडी पाहता ना, तिच्या मुळाशी अठराव्या शतकातला हा माणूस आहे.

इटलीचं चित्र आणखी वेगळं. तिथे ऑपेराच्या अंकांमध्ये स्वतंत्र बॅले असायचा आणि ग्रोतेस्की नावाचे कसरतबाज नर्तक लोकांना जास्त आवडायचे. नेपल्समध्ये 1779 साली छापलेल्या जेन्नारो माग्रीच्या ग्रंथात त्यांच्या उड्या आणि गिरक्यांची वर्णनं आहेत. ती वाचून मला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला एकोणिसाव्या शतकाचं तंत्र समजतो त्यातलं बरंच आधीच तयार होतं, फक्त प्रतिष्ठित मंचाबाहेर.

रशियाचा पाया याच काळात पडला. 1738 मध्ये झाँ-बातिस्त लांदे यांनी सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात बारा मुलगे आणि बारा मुली घेऊन शाळा काढली. ती मुलं राजवाड्यातल्या नोकरांची होती. पुढे हिल्व्हर्डिंग, आँजोलिनी दोघेही तिथे काम करून आले. पुढच्या शतकातल्या 'स्वान लेक'च्या रशियाची बीजं या नोकरांच्या पोरांत आहेत.

स्त्रियांच्या बाजूने एक गोष्ट राहून जाते. पॅरिस ऑपेराच्या पटावर नाव लागलं की मुलगी बापाच्या किंवा नवऱ्याच्या कायदेशीर ताब्यातून सुटायची. हे स्वातंत्र्य दुधारी होतं. तुटपुंजा पगार, आणि दाराशी श्रीमंत आश्रयदाते. मारी-मादलेन गिमार हिने अशा आश्रयावर पॅरिसमध्ये खासगी नाट्यगृह असलेला वाडा बांधवला, वास्तुविशारद लदू. 1786 मध्ये पैशांची चणचण आली तेव्हा तिने तो लॉटरी काढून विकला. अशी एक गिमार दिसते, तेव्हा मागच्या रांगेतल्या किती मुलींचं काय झालं ते कुठल्या चरित्रात नाही.

शतकाच्या शेवटाकडचं महत्त्वाचं काम पुन्हा पॅरिसबाहेरचं. नोव्हेर यांचा शिष्य झाँ दोबरव्हाल याने 1 जुलै 1789 रोजी, फ्रेंच राज्यक्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडायच्या दोन आठवडे आधी, बोर्दोच्या नाट्यगृहात 'ला फिय माल गार्दे' केला. देव नाहीत, राजे नाहीत. शेतकऱ्याची पोर, तिचा गरीब प्रियकर, आणि पैशाच्या आशेने दुसरीकडे लग्न जुळवू पाहणारी आई. संगीत लोकांच्या ओठांवरच्या गाण्यांचं. क्रांतीशी याचा थेट संबंध लावायचा मोह होतो, पण तो आवरावा. गावरान प्रेमकथा तेव्हा ऑपेरा-कोमिकमध्ये रोजच्या होत्या. पॅरिसमध्ये पिएर गार्देल 1787 पासून ऑपेराच्या बॅलेचा कारभार पाहत होता, आणि क्रांती, दहशत, नेपोलियन सगळं पचवून तिथेच टिकला. दोबरव्हालचा शिष्य दिदलो 1796 मध्ये लंडनला 'फ्लोर ए झेफीर'मध्ये तारांनी नर्तकांना हवेत उडवत होता. ताल्योनीची हवेत तरंगणारी परी आता एका पिढीवर आली होती.

पाहायचं काय, हेही विचाराल. आज 'फिय'च्या नावाने सर्वाधिक दिसतो तो फ्रेडरिक ॲश्टनचा 1960 चा. त्यात दोबरव्हालची गोष्ट आहे, पावलं नाहीत, आणि संगीतही नंतरचं. अठराव्या शतकातली पावलं पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होत आलेली बघायची असतील तर कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश बॅलेचा, विन्चेंझो गालेओत्तीने 1786 मध्ये रचलेला 'मदन आणि बॅलेगुरूच्या लहरी' शोधा. मदन निरनिराळ्या देशांच्या जोडप्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतो आणि जोड्यांची सगळी गल्लत करून टाकतो, एवढीच गोष्ट. त्यासोबत फय्येच्या लिपीवरून उभा केलेला एखादा मिनुएट पाहा, आणि ग्लुकचं 'डॉन जुआन' ऐका. वेळ कमी असेल तर ग्लुकपासून सुरुवात करा.